मराठी राज्याची घडण : अष्टप्रधान ते सरंजाम

स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा विषय शोधण्यास आम्हांस फारसे श्रम पडले नाहीत. गेली दोन वर्षे आपल्या वार्षिक सभेत एकच प्रश्न या ना त्या रूपाने पुढे येत आहे. शाखांनी जमविलेली वर्गणी प्रथम मध्यवर्ती कचेरीत भरावी व तेथून खर्चास रक्कम मिळवावी, की शाखेने आपला वाटा आधी ठेवून घेऊन उरलेले पुढे पाठवावे? दोन्ही बाजूंनी तळमळीने बोलणारे सभासद आहेत. तथापि बोलता बोलता एकमेकांच्या हेतूंविषयी शंका घेतली जाते, आणि वर्षानुवर्षे एका पंगतीस बसलेली माणसे सभेनंतर एकमेकांस न भेटता निघून जातात, हे पाहून मनास क्लेश होतात. त्या वादात कौल देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु हाच वाद, कितीतरी मोठ्या प्रमाणावर, मराठी राज्यात शंभरावर वर्षे चालू होता. त्याची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी, एवढाच आमचा हेतू आहे.

ही हकीकत आपण शाळेत शिकलो ती थोडक्यात अशी : शिवछत्रपतींनी अष्टप्रधानांची उत्तम व्यवस्था घालून दिली, पुढील पिढ्या स्वार्थी निघाल्या, त्यांनी जहागिरी वाटल्या, आणि राज्य बुडाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हाच विचार अधिक साधार व संयमित रीतीने मांडला आहे. रोख वेतन व वंशपरंपरा नसलेले अधिकार ही महाराजांची तत्त्वे सोडली गेली आणि त्यातून पुढचा ऱ्हास ओढवला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. न्यायमूर्तींच्या विद्वत्तेपुढे आम्ही नम्र आहो. तरीही एक शंका राहते. तत्त्वे सोडणारी माणसे कोण होती? ज्यांनी महाराजांच्या हाताखाली काम केले, ज्यांना त्या तत्त्वांचे मोल ठाऊक होते, त्यांतीलच काही होती. मग त्यांनी ती का सोडली?

प्रथम मूळची व्यवस्था पाहू. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा सिंहासनाभोवती आठ प्रधान उभे होते : पंतप्रधान, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापती, सुमंत, न्यायाधीश आणि पंडितराव. यांपैकी अखेरचे दोन वगळता बाकीच्या सहांवर प्रसंगी स्वारीवर जाण्याची जबाबदारी होती. पेशवे मोरोपंत पिंगळे हे १६७२ च्या साल्हेरच्या रणात प्रतापराव गुजरांबरोबर होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. म्हणजे आज आपण ज्याला खातेवाटप म्हणतो, तशी ती काटेकोर वाटणी नव्हती. राज्य लहान होते, लढाई नित्याची होती, आणि हिशेब तपासणाऱ्यासही घोड्यावर बसावे लागत होते. पंतप्रधानास वर्षास पंधरा हजार होन, अमात्यास बारा हजार व इतरांस दहा हजार असे रोख वेतन ठरलेले होते. पद मुलाकडे आपोआप जावे असा नियम नव्हता.

याहूनही बोलकी आहे ती लष्कराची रचना. कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत ती दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांवर एक हजारी. पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी. आणि सर्वांवर सरनौबत. वाचकांनी पहिल्याच आकड्याकडे लक्ष द्यावे. पंचवीसच का? त्याच बखरीत पुढे सांगितले आहे की, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असावा. एक माणूस पखालीने किती जनावरांस पाणी पुरवू शकेल, एक नालबंद मुक्कामावर किती घोड्यांचे खूर सांभाळू शकेल, या रोजच्या अनुभवाशी तो आकडा जुळतो. या भव्य मनोऱ्याचा तळचा दगड पखालजीच्या खांद्यावर ठेवलेला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. पायदळास घोडे नाहीत, तेव्हा तेथे पखालीचे हे गणित लागू नाही. तेथील तळची तुकडी दहांची, तिच्यावर नाईक, आणि पाच नाइकांवर हवालदार. एकाच राज्यात, एकाच धन्याच्या हाताखाली, काम बदलले की तुकडीचा आकार बदलला.

किल्ल्यांची गोष्ट निराळी. तेथे शत्रूच्या तोफांपेक्षा फितुरीचे भय अधिक. किल्ला हा महिनोन् महिने मुख्य ठाण्यापासून तुटलेला राही आणि एका माणसाच्या लोभाने एका रात्रीत जाऊ शके. म्हणून तेथे अधिकार एकाच्या हाती न देता हवालदार, सबनीस व सरनौबत अशा बरोबरीच्या तिघांत विभागला. कोठाराकडे कारखानीस नेमला. आणि ही माणसे एका जातीची असू नयेत अशी दक्षता घेतली. हवालदार व सरनौबत मराठे, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू, असा रिवाज होता. ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतून हा मजकूर आम्ही अनेकदा वाचला आहे. प्रत्येक ज्ञाती आपल्या वाट्याचा अधिकारी निवडून त्याचा गौरव करते, आणि ते स्वाभाविकही आहे. पण मूळ योजनेत कोणाचा गौरव करावयाचा नव्हता. तिघांनी मिळून दगा करणे अवघड व्हावे, एवढाच तिचा उद्देश होता. अविश्वासाचीही एक रचना असते, आणि ती नीट केली तर उपयोगी पडते.

ही सर्व व्यवस्था चालू शकली याची कारणे तीन दिसतात. मुलूख आटोपशीर होता. कर्नाटकातील नवा प्रांत सोडला तर सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचा पट्टा, आणि त्याच्या कोणत्याही टोकाचा अधिकारी काही दिवसांत रायगडावर बोलावता येत होता. वसूल सरकारी कारकून स्वतः जमा करीत आणि तो खजिन्यात येई, म्हणून खजिन्यातून वेतन देता येई. आणि फौज दसऱ्यानंतर बाहेर पडे व पावसाळ्यास छावणीत परत येई. आल्यावर लुटीचा झाडा घेतला जाई, हिशेब होई, घेणे देणे चुकते होई. वर्षातून एकदा प्रत्येक शिपाई सरकारच्या डोळ्यांसमोर उभा राहत होता. चौथे कारण स्वतः महाराज. परंतु थोर पुरुषाच्या नावावर सर्व काही घातले की विचार तेथेच थांबतो, म्हणून त्याचा विस्तार येथे करीत नाही.

१६८९ मध्ये ही तिन्ही कारणे एका वर्षात नाहीशी झाली. संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, आणि राजाराम महाराज दक्षिणेत दूर तमिळ मुलखातील जिंजीच्या किल्ल्यावर गेले. तेथे लवकरच मोगलांचा वेढा बसला. तो मोडत, सैलावत, पुन्हा आवळत १६९८ पर्यंत चालला. राजा एका टोकास, राज्य दुसऱ्या टोकास, आणि मध्ये आलमगिराची फौज. खजिना नाही. हुकूम पोहोचेल की नाही याचा भरवसा नाही. अशा वेळी आठ प्रधानांनी राजाभोवती बसून मसलत द्यावी ही कल्पनाच निरर्थक झाली. म्हणून दोन नव्या गोष्टी घडल्या. जिंजीस प्रल्हाद निराजी यांस प्रतिनिधी हे नवे पद देऊन अष्टप्रधानांच्या वर बसविण्यात आले. आणि इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य यांस 'हुकूमतपनाह' हा किताब देऊन, न विचारता निर्णय घेण्याचा अधिकार देण्यात आला. एका राज्याला दोन डोकी आली. ती कोणी हौसेने निर्माण केली नव्हती.

आणि फौजेस द्यावयाचे काय? मोगल बादशहा मराठे सरदारांस मनसबी व वतने देऊ करीत होता. राजाराम महाराजांपाशी देण्यासारखे एकच होते : जो मुलूख अद्याप हाती नाही त्याचा हक्क. १६९१ मध्ये घोरपडे बंधूंस दिलेल्या सनदेत रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद घेतल्यावर अमुक आणि दिल्ली घेतल्यावर उरलेला, अशी सरंजामाची हमी आहे. वाचताना प्रथम हसू येते. थोड्या वेळाने ते मावळते. ज्याच्या पदरी रुपया नाही त्याने उमेदीवर फौज उभी केली आणि ती उभी राहिली. संताजी व धनाजी यांनी बादशहास सळो की पळो करून सोडले ते या फौजेच्या बळावर. ती सनद न देणारा, तत्त्वास चिकटून राहणारा राजा आपण कल्पून पाहावा. त्याचे तत्त्व राहिले असते, राज्य राहिले नसते.

रामचंद्रपंतांचे उदाहरण तर मनास चटका लावणारे आहे. १७१६ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात त्यांनी वतनदारांविषयी कडक इशारा दिला आहे. हे लोक म्हणजे लहान लहान राजेच, यांस सांभाळावे पण वाढू देऊ नये, आणि चाकरीच्या मोबदल्यात जमीन तोडून देणे हे राज्य तोडून देण्यासारखे आहे, असा त्याचा आशय. हे शब्द लिहिणारे गृहस्थ जिंजीच्या धामधुमीत स्वतः वतने व इनामे वाटण्याच्या कामी होते, आणि त्यांच्याच वंशाकडे बावड्याची जहागीर पुढे पिढ्यान् पिढ्या चालली. यात ढोंग पाहणाऱ्यांनी खुशाल पाहावे. आम्हांस त्यात एका अनुभवी माणसाचा कबुलीजबाब दिसतो. आपण काय केले आणि त्याची किंमत काय, हे त्यास पुरते समजले होते.

खरा निर्णयाचा क्षण पुढे आला. औरंगजेब १७०७ मध्ये वारला, शाहू महाराज सुटून आले, १७०८ मध्ये साताऱ्यास गादीवर बसले, आणि १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. संकट ओसरले होते. तेव्हा जुनी व्यवस्था परत का आणली नाही? उत्तर १७१९ च्या सनदांत आहे. बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंच्या साह्याने दिल्लीहून जे घेऊन आले त्यात स्वराज्याचा मुलूख तर होताच. पण मोठी प्राप्ती होती ती दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची व सरदेशमुखीची. चौथाई म्हणजे दुसऱ्याच्या मुलखातील वसुलाचा चौथा हिस्सा. जमीन मोगलांची, अंमलदार मोगलांचा, आणि त्याच्या शेजारी उभे राहून आपला भाग मागावयाचा. हा पैसा आपल्या कारकुनाने चावडीवर बसून मिळणारा नव्हता. तो मिळवावयास दारी घोडदळ असावे लागे, आणि ते दर वर्षी असावे लागे. साताऱ्याच्या खजिन्यात तो पैसा आधी आणून मग फौजेस वेतन देणे म्हणजे विहिरीचे पाणी घरी आणून पुन्हा विहिरीजवळच्या मळ्यास नेण्यासारखे होते. ज्याने वसूल करावा त्याच्याकडेच त्यातून फौज ठेवण्याचे काम गेले. उत्पन्न ज्या वाटेने आले, त्या वाटेने अधिकार गेला.

तरीही बाळाजी विश्वनाथांनी सर्व काही सोडून दिले नाही. चौथाईच्या दर शंभर रुपयांतील पंचवीस राजाची बाबती. सहा रुपये साहोत्रा, ते पंतसचिवांस. तीन रुपये नाडगौडा, ते राजाच्या मर्जीप्रमाणे. उरलेले सहासष्ट ऐन मोकासा, तो सरदारांस. सरदेशमुखी स्वतंत्र, ती राजाची. शिवाय हे हक्क सलग प्रदेशात न देता एकमेकांत गुंतवून दिले. एकाच गावच्या वसुलात तिघाचौघांचे अंश असत. ग्रँट डफ याने आपल्या १८२६ च्या इतिहासात या गुंतागुंतीमुळे हिशेब जाणणाऱ्या कारकुनांचे माहात्म्य वाढले, असा शेरा मारला आहे. शेरा खोचक असला तरी खोटा नाही. पण गुंता हाच येथे बंध होता. ज्या गावात माझा सहासष्टांतील भाग आहे आणि तुझे सहा आहेत, त्या गावाचे वाईट होऊ देणे दोघांनाही परवडत नाही. आणि हिशेबाच्या तंट्यासाठी दोघांनाही साताऱ्याचे दार ठोठवावे लागते. किल्ल्यावर जे तीन अधिकाऱ्यांनी साधले, ते येथे अंशांच्या वाटणीने साधण्याचा प्रयत्न होता. आमच्या मते मराठी राज्यकारभारातील ही सर्वांत बुद्धिमान रचना होय, आणि तिच्या वाट्यास सर्वांत थोडे कौतुक आले आहे.

ती पुरेशी का ठरली नाही? मुलूख वाढला. दक्षिणेच्या सहा सुभ्यांसाठी विणलेले जाळे नर्मदेपलीकडे ताणले गेले. १७२८ मध्ये अमझेऱ्याच्या विजयाने माळवा उघडला. राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर, पवार बंधू यांची ठाणी तेथे बसली. गुजरातेत गायकवाड, नागपुरास रघूजी भोसले. साताऱ्याहून दिल्ली सुमारे दीड हजार किलोमीटर. उज्जैनीच्या सरदाराने पावसाळ्यास छावणीत परत यावे आणि झाडा द्यावा, हे आता घडणारे नव्हते. तो तेथेच राहू लागला, त्याची मुले तेथेच वाढली, त्याचा वाडा तेथे झाला. पुण्याने आपल्यापरीने लगाम ठेवला. सरंजामदाराच्या पदरी दिवाण, मुजुमदार, फडणीस असे दरखदार हुजुरातून नेमलेले असत आणि त्यांस काढून टाकण्याचा अधिकार सरदारास नसे. हुजूर फडात हिशेब येत, तपासले जात, त्यांवर आक्षेप निघत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल त्याची साक्ष देतात. कागद येत होते तोवर राज्य एक होते, असे म्हणावयास हरकत नाही. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधानंतर पुण्यासच कोणाचा हुकूम खरा हे ठरेना, तेव्हा कागदही सावकाश येऊ लागले.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण ती सहसा या संदर्भात येत नाही. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉइन या सव्हॉयच्या गृहस्थाकडून कवायती पलटणी तयार करविल्या. बंदुकीची कवायत करणारा शिपाई हा हंगामी स्वार नव्हे. त्यास बारा महिने सराव हवा, आणि बारा महिने सराव हवा तर महिन्याच्या महिन्यास पगार हवा. उमेदीवर तो उभा राहत नाही. म्हणून द बॉइनने पगाराच्या खर्चास अंतर्वेदीतील मुलूख लावून घेतला आणि नियमित रोख वेतन चालू केले. शंभर वर्षांनी शिवकालीन रोख मुशाहिरा परत आला. तत्त्वाच्या आग्रहाने तो आलेला नव्हता, बंदुकीने आणला होता. मात्र तो आला एका सरदाराच्या कंपूत, पुण्याच्या खजिन्यात नव्हे. आणि त्या कंपूचे अधिकारी परके होते. १८०३ च्या युद्धाच्या तोंडावर त्यांपैकी अनेक नोकरी सोडून गेले. शिंदे व भोसले लढले. होळकर त्या वर्षी दूर राहिले आणि पुढच्या वर्षी एकटे लढले. येथे मात्र आम्ही परिस्थितीच्या आड कोणास लपू देणार नाही. अंतर, पैसा, शस्त्र यांनी राज्याचा आकार ठरविला हे खरे. शेजारचे घर जळत असता स्वस्थ बसावे, हे त्यांपैकी कोणीही ठरविले नव्हते.

आता त्या आठ प्रधानांचे पुढे काय झाले? शाहू महाराजांच्या काळातच बहुतेक पदे वंशपरंपरेची झाली, आणि १७४९ मध्ये महाराज निवर्तल्यावर सत्ता पुण्यास गेली तरी किताब राहिले. पंतसचिव हे पद, म्हणजे रायगडावरील रोख पगाराची चाकरी, भोरच्या संस्थानाच्या रूपाने विसाव्या शतकापर्यंत टिकले. जिंजीच्या वेढ्यातील अडचणीतून जन्मलेले प्रतिनिधिपद पुढे परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात स्थिरावले आणि औंधचे संस्थान झाले. हे संस्थान म्हणजे एक सलग मुलूख नव्हता. बहात्तर गावे, तीही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापुराकडे गुणदाळ. मधल्या वाटेवर दुसऱ्याचे राज्य.

या औंधात १९३९ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने नवी राज्यघटना दिली आणि आपला अधिकार प्रजेच्या हवाली केला. तिचा पाया होता गावोगावची निवडलेली पंचायत. पंचायतींवर तालुका समिती, आणि त्यावर विधिमंडळ. घटना घडविताना गांधीजींचा ग्रामराज्याचा विचार डोळ्यांपुढे होता यात शंका नाही. परंतु बहात्तर विखुरलेल्या गावांच्या राज्यास खालून वर बांधलेली रचना जशी सहज बसली, तशी ती एखाद्या मोठ्या सलग संस्थानास बसली असती काय, हा प्रश्न आम्हांस नेहमी पडतो. गावच्या चावडीत बसून पंच आपल्या गावचे तंटे तोडू लागले, शाळेचा व रस्त्याचा विचार करू लागले. १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले, तोपर्यंत नऊ वर्षे हा कारभार चालला.